योगसाधना आणि तिच्यामागील हिंदू तत्त्वविचार

योग हे हिंदू परंपरेतील सहा आस्तिक दर्शनांपैकी एक दर्शन आहे आणि ती एक साधनापद्धतीही आहे. विश्व कशाचे बनले आहे, माणसाला दुःख कशामुळे होते आणि त्यातून सुटका कशी होते, या प्रश्नांची उत्तरे योगदर्शन देते. बसावे कसे, श्वास कसा आवरावा, मन कोठे लावावे, हे योगसाधना शिकवते. विसाव्या शतकात योग जगभर गेला तो बहुतांशी या दुसऱ्या अंगाने, त्यातही आसनांच्या रूपाने. त्यामुळे योग हा धर्म आहे की व्यायाम, असा वाद शाळांत, न्यायालयांत आणि धर्मपीठांपुढे उभा राहिला. योगाची तंत्रे एका पंथाकडून दुसऱ्याकडे पूर्वीपासून सहज जात आली आहेत. ती कशासाठी करायची, याचे उत्तर मात्र ज्या त्या परंपरेने आपापल्या श्रद्धेतून दिले, आणि हिंदू परंपरेतही हे उत्तर एकच नव्हते. योगाची हिंदू मुळे शोधायची तर ती आसनांपेक्षा या उत्तरांत शोधावी लागतात.

कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष

योगाचे हिंदू संप्रदाय आपसांत कितीही भांडले, तरी तीन गोष्टी सगळेच धरून चालतात. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला भोगावेच लागते, ही पहिली. एका जन्मात ते भोगून संपत नाही, म्हणून जन्ममरणाचा फेरा चालू राहतो, ही दुसरी. या फेऱ्यातून कायमचे सुटता येते, ही तिसरी. या सुटकेला कोणी मोक्ष म्हणतो, कोणी कैवल्य, कोणी निर्वाण. बौद्ध आणि जैन परंपराही हीच भूमी वापरतात; आत्मा म्हणजे काय, या प्रश्नापाशी त्या हिंदू दर्शनांपासून वेगळ्या होतात.

फेऱ्याचे मूळ अविद्येत आहे, यावरही बहुतेकांचे एकमत आहे. जे नाशवंत आहे ते टिकणारे मानणे आणि शरीर-मनालाच ‘मी’ समजणे म्हणजे अविद्या. रोग अज्ञानाचा असेल तर औषध ज्ञानाचेच हवे. मग वर्षानुवर्षांच्या साधनेची गरज काय, असा प्रश्न येतो. योगाचे उत्तर संस्कारांच्या कल्पनेत आहे. मी म्हणजे हे शरीर नव्हे, असे ऐकून एखाद्याला पटते. पण कोणी अपमान केला की राग आल्याशिवाय राहत नाही. प्रत्येक अनुभव चित्तावर ठसा उमटवतो आणि जन्मोजन्मी साचलेले हे ठसे नुसत्या माहितीने पुसले जात नाहीत. त्यांच्याविरुद्ध दुसरे ठसे उमटवावे लागतात, आणि ते दीर्घकाळ, खंड न पाडता केलेल्या अभ्यासानेच उमटतात. श्रद्धा आणि साधना यांचा सांधा येथे आहे. कर्म-पुनर्जन्माचा विचार बाजूला ठेवूनही आसने आणि प्राणायाम करता येतात; परंतु एवढी कठोर साधना कशासाठी, याचे परंपरेने दिलेले कारण मग उरत नाही.

वेद आणि उपनिषदे

योगाचा आरंभ नेमका केव्हा झाला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मोहेंजोदडो येथे सापडलेल्या एका मुद्रेवर प्राण्यांनी वेढलेली, शिंगे असलेली, मांडी घातल्यासारखी बसलेली आकृती आहे. जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये ती शिवाचे पूर्वरूप असल्याचे मत मांडले, आणि तेव्हापासून योगाचा सर्वांत जुना पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. मात्र सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे केवळ बैठकीवरून तिला योगी म्हणणे हा तर्कच राहतो.

वैदिक वाङ्मयात योगाची पूर्वचिन्हे दोन वाटांनी येतात. पहिली वाट तपाची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १३६ वे सूक्त लांब केसांच्या मुनीचे वर्णन करते. हा मुनी मळकट पिवळी वस्त्रे नेसतो, वाऱ्यावर स्वार होतो आणि रुद्राबरोबर एकाच पात्रातून विष पितो. तो यज्ञ करणारा पुरोहित नव्हे. समाजाच्या कडेला राहून तपाने सामर्थ्य मिळवणारा माणूस आहे. दुसरी वाट यज्ञाच्या आतून जाते. बाहेरच्या अग्नीत आहुती देण्याऐवजी शरीरातील प्राणालाच अग्नी मानून त्यात आहुती द्यावी, असा विचार छांदोग्य उपनिषदात येतो. जेवणाच्या आरंभी ताटाभोवती पाणी फिरवून पाच प्राणांच्या नावाने पाच लहान घास घेण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही पाळली जाते. तिचे मूळ या प्राणाग्निहोत्रात आहे. यज्ञ एकदा शरीरात आला की श्वास हाच विधी होतो, आणि प्राणायामाला धार्मिक अर्थ मिळतो.

योगाची स्पष्ट व्याख्या प्रथम कठोपनिषदात सापडते. यमाने नचिकेताला केलेल्या उपदेशात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी असे रूपक आहे. इंद्रियांना स्थिर धरून ठेवणे म्हणजे योग, असे हे उपनिषद सांगते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात तर साधनेच्या सूचनाच आहेत. जागा सपाट आणि स्वच्छ असावी, तेथे खडे, विस्तव व वाळू नसावी, वाऱ्याला आडोसा असावा. छाती, मान आणि डोके एका रेषेत ठेवून बसावे आणि श्वास मंद करावा. साधना जमू लागली की धुके, धूर, काजवे, वीज, चंद्र यांसारखे भास होतात, असेही त्यात म्हटले आहे. मैत्रायणी उपनिषदात योगाची सहा अंगे येतात. त्यांत प्राणायाम, प्रत्याहार, ध्यान, धारणा आणि समाधी यांच्या जोडीला तर्क आहे. आसन, यम व नियम मात्र नाहीत.

याच काळात वेद न मानणारे श्रमण संन्यासीही अशाच साधना करत होते. सिद्धार्थ गौतमाने बोधी मिळण्यापूर्वी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडे ध्यानाच्या पायऱ्या शिकल्या, असे पाली ग्रंथ सांगतात. म्हणजे ध्यानाची तंत्रे तेव्हाही कोणा एका पंथाची मालमत्ता नव्हती.

गीतेतील योग

महाभारताच्या भीष्मपर्वात येणाऱ्या भगवद्गीतेने योगाला अरण्यातून घरात आणले. तिच्या अठराही अध्यायांच्या शेवटी त्या त्या अध्यायाला योग म्हटले आहे. त्यात अर्जुनाचा विषादसुद्धा आला. गीतेच्या मते सिद्धी आणि असिद्धी यांत चित्त समतोल ठेवणे हा योग आहे. म्हणून युद्धभूमीवर उभ्या असलेल्या क्षत्रियालाही योगी होता येते. कर्म सोडायचे नाही, फळावरची आसक्ती सोडायची.

बैठकीची साधना सहाव्या अध्यायात येते. शुद्ध जागी, फार उंच नाही आणि फार खालीही नाही असे आसन मांडावे. खाली कुश, त्यावर मृगाजिन आणि त्यावर वस्त्र असावे. शरीर ताठ ठेवावे आणि नाकाच्या शेंड्यावर दृष्टी स्थिर करावी. येथे आसन म्हणजे बसायची जागा, शरीराचा आकार नव्हे. खाणे, झोपणे आणि जागणे यांत अति टाळावे, असाही दंडक आहे. या साधनेचे शिखर मात्र श्वेताश्वतराच्या पुढे जाते. सर्व योग्यांत श्रेष्ठ कोण, तर जो श्रद्धेने कृष्णाला भजतो तो, असे सांगून हा अध्याय संपतो. ध्यानाचे तंत्र जुनेच राहिले. त्याचे ध्येय सगुण ईश्वराशी जोडले गेले. भक्तिमार्गी संप्रदायांनी पुढे योगाकडे पाहिले ते याच खिडकीतून.

पतंजलीचे योगसूत्र

योग हे दर्शन म्हणून पूर्ण आकाराला आले ते पतंजलीच्या योगसूत्रात. इसवी सनाच्या आरंभीच्या काही शतकांत रचलेल्या या ग्रंथात प्रचलित पाठानुसार १९५ सूत्रे असून ती समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य या चार पादांत विभागली आहेत. सूत्रे अतिशय त्रोटक असल्यामुळे ती व्यासभाष्याच्या आधारानेच वाचली जातात. त्यावर वाचस्पती मिश्र आणि विज्ञानभिक्षू यांनी टीका लिहिल्या. अकराव्या शतकात माळव्याच्या भोज राजाने सूत्रांवर वृत्ती रचली आणि त्याच शतकात अल्‌बिरूनीने हा ग्रंथ अरबीत नेला.

पतंजलीच्या योगाची तात्त्विक चौकट सांख्यांची आहे. सांख्यमतात दोन अंतिम तत्त्वे आहेत. पुरुष म्हणजे शुद्ध जाणीव. तो काही करत नाही, बदलत नाही, फक्त पाहतो. प्रकृती म्हणजे सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांनी बनलेले जडतत्त्व. बुद्धी, अहंकार, मन, इंद्रिये आणि पंचमहाभूते ही सारी प्रकृतीचीच रूपे आहेत. पुरुषासह एकूण तत्त्वे पंचवीस. या मांडणीत मन हे आत्म्याच्या बाजूला नाही, जडाच्या बाजूला आहे, आणि योगाचा सारा तर्क यावर उभा आहे. चित्तात विचार, आठवणी, झोप, भ्रम अशा वृत्ती उठतात आणि पुरुष त्यांनाच आपले रूप समजतो. वृत्ती थांबल्या की द्रष्टा स्वतःच्या रूपात राहतो. म्हणून पतंजली चित्ताच्या वृत्तींचा निरोध ही योगाची व्याख्या करतो.

योग म्हणजे जिवाचे परमात्म्याशी मीलन, असे लोकव्यवहारात सर्रास म्हटले जाते. पतंजलीच्या दर्शनाला ते लागू पडत नाही. त्याचे अंतिम ध्येय कैवल्य आहे. प्रकृतीपासून पुरुष पूर्णपणे सुटा होतो आणि प्रत्येक पुरुष वेगळाच राहतो. मीलनाची कल्पना वेदान्त, शैव आणि वैष्णव विचारांतून योगाला चिकटली.

या ध्येयाकडे नेणारी आठ अंगे साधनपादात सांगितली आहेत: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम जात, देश, काळ यांची सबब न सांगता पाळायचे असतात आणि तेव्हा त्यांना महाव्रत म्हणतात. हीच पाच व्रते जैन साधूंची महाव्रते आहेत. चित्त प्रसन्न राहण्यासाठी पतंजलीने सुचवलेल्या मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना बौद्धांच्या ब्रह्मविहारांशी तंतोतंत जुळतात. ग्रंथकाराने शेजारच्या परंपरांतून मोकळेपणाने घेतले आणि घेतलेले सांख्यांच्या चौकटीत बसवले.

आसनाला योगसूत्रात केवळ तीन सूत्रे आली आहेत. बैठक स्थिर आणि सुखाची असावी, प्रयत्नाचा ताण सोडल्याने ती साधते आणि साधली की थंडी-ऊन यांसारखी द्वंद्वे त्रास देत नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे. व्यासभाष्य पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन अशी दहा-बारा नावे देते. ती मुख्यतः बसण्याच्या पद्धतींची आहेत. उरलेला ग्रंथ मनाविषयी आहे. विभूतिपादात पूर्वजन्मांचे ज्ञान, अदृश्य होणे, आकाशगमन अशा सिद्धींची लांबलचक यादी येते, पण त्या समाधीच्या आड येतात, असा इशाराही तेथेच दिला आहे.

ईश्वराचे स्थान

सांख्यांना ईश्वराची गरज पडत नाही. पतंजली मात्र त्याला जागा देतो. क्लेश, कर्म, कर्मफळ आणि संस्कार यांचा स्पर्श नसलेला विशेष पुरुष म्हणजे ईश्वर, अशी त्याची कल्पना आहे. तो जगाचा कर्ता नाही, फळे वाटणारा न्यायाधीशही नाही. प्राचीन गुरूंचाही तो गुरू आहे आणि ओंकार हे त्याचे वाचक आहे. त्याला शरण जाणे हा समाधीचा एक मार्ग आहे आणि पाच नियमांपैकी शेवटचा नियमही आहे. सव्विसावे तत्त्व म्हणून ईश्वर मानल्यामुळे योगदर्शनाला सेश्वर सांख्य म्हणतात.

हा ईश्वर राम, कृष्ण किंवा शिव असल्याचे योगसूत्र कोठेही म्हणत नाही. स्वाध्यायाने इष्टदेवतेशी संबंध जुळतो, एवढेच त्यात आहे. त्यामुळे शैवाने शिव, वैष्णवाने विष्णू आणि दत्तभक्ताने दत्त मानून हीच साधना केली तरी दर्शनाला बाध येत नाही. विशिष्ट देवतेवर श्रद्धा ही पतंजलीची पूर्वअट नव्हे. पुरुष नावाचे चैतन्य आहे आणि ते बंधनातून सुटू शकते, हे मात्र गृहीतच आहे.

वेदान्ताचा आक्षेप

योगदर्शनाला सर्व हिंदू आचार्यांनी मान तुकावली नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी सांख्यमताचे खंडन करून लगेच पुढे त्याच युक्तिवादाने योगाचेही खंडन झाले, असे सांगितले आहे. शंकराचार्यांनी त्यावरील भाष्यात बारकाईने फरक केला. बसणे, इंद्रियनिग्रह, ध्यान ही योगाची अंगे उपनिषदांनाही मान्य आहेत, तेव्हा ती घ्यावीत. ब्रह्माहून स्वतंत्र अशी प्रकृती आणि अनेक पुरुष हे मात्र वेदाशी जुळत नाही, म्हणून ते सोडावे. मोक्ष आत्मा आणि ब्रह्म एकच असल्याच्या ज्ञानाने मिळतो. वृत्ती थांबवल्या की तो आपोआप मिळतो असे नव्हे.

तंत्र स्वीकारायचे आणि सिद्धांत नाकारायचा, हा निवाडा म्हणजे योग आणि श्रद्धा वेगळे काढण्याचा एक जुना हिंदू प्रयत्नच आहे. पुढे अद्वैतानेच योगाला पुन्हा जवळ केले. चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी जीवन्मुक्तिविवेक या ग्रंथात तत्त्वज्ञानाच्या जोडीला वासनाक्षय आणि मनोनाश यांची गरज सांगितली आणि त्यांसाठी योगाभ्यास सुचवला. सोळाव्या शतकातील विज्ञानभिक्षूने सांख्य, योग आणि वेदान्त यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. योग म्हणजे मीलन ही आजची समजूत रुळली ती अशा समन्वयांतून.

हठयोग आणि शरीराचे मोल

शौचाच्या पालनाने स्वतःच्या शरीराचीच किळस येऊ लागते, असे पतंजली म्हणतो. हठयोगात शरीराकडे पाहण्याची दृष्टी याच्या उलट आहे. जे ब्रह्मांडात ते पिंडात, हा तांत्रिक विचार त्याने स्वीकारला. शरीरात नाड्यांचे जाळे आहे. इडा आणि पिंगला यांच्यामधली सुषुम्ना बहुधा बंद असते. मणक्याच्या तळाशी कुंडलिनी ही शक्ती निजलेली आहे. ती जागी होऊन चक्रे भेदत मस्तकापर्यंत गेली की शक्ती आणि शिव एक होतात. मुद्रा, बंध आणि कुंभक हे यासाठीच. येथे मुक्ती शरीर टाकून नव्हे, शरीर घडवून मिळवायची असते.

या साधनेचा उगमही एका पंथापुरता नाही. तिची मूळ तंत्रे सांगणारा अकराव्या शतकातील अमृतसिद्धी हा ग्रंथ वज्रयानी बौद्ध वर्तुळात रचला गेल्याचे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या दत्तात्रेययोगशास्त्रात हठयोगाची पद्धतशीर मांडणी येते. ब्राह्मण असो, श्रमण असो, बौद्ध, जैन, कापालिक किंवा अगदी चार्वाक असो, जो श्रद्धेने अभ्यास करील त्याला सिद्धी मिळेल, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. केवळ भगवी वस्त्रे नेसून आणि बोलून काही साधत नाही, असेही बजावले आहे. येथे श्रद्धा म्हणजे एखाद्या मताला मान्यता नव्हे; गुरूने दाखवलेल्या साधनेवरचा भरवसा आहे.

पंधराव्या शतकात स्वात्मारामाने अनेक जुने ग्रंथ एकत्र करून हठप्रदीपिका रचली. हठविद्येचा आद्य उपदेशक म्हणून तो आदिनाथाला, म्हणजे शिवाला, वंदन करतो आणि हठयोग ही राजयोगाकडे जाणारी शिडी असल्याचे सांगतो. त्यात आसने पंधरा आहेत. नंतरच्या घेरंडसंहितेत ती बत्तीस झाली. मयूरासनासारखी हातांवर तोल धरण्याची आसने आता बैठकींच्या जोडीला आली. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती या सहा शुद्धिक्रियाही हठप्रदीपिकेत आहेत. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे सूफी शेख मुहम्मद गौस यांनी योगावरचा ग्रंथ बह्र-उल्-हयात या नावाने फार्सीत आणला, आणि पुढे शाहजादा सलीमसाठी त्याची सचित्र प्रत तयार झाली.

महाराष्ट्रातील प्रवाह

आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर अशी नाथपंथाची गुरुपरंपरा ज्ञानेश्वरीत सांगितली आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक लक्षणीय गोष्ट घडते. मूळ गीतेत कुंडलिनीचा उल्लेख नाही; ज्ञानेश्वरांनी मात्र आसनाच्या श्लोकांवर भाष्य करताना वज्रासन, मूळबंध, जालंधर बंध आणि कुंडलिनीचे जागरण यांचे सविस्तर वर्णन केले. जागी झालेली शक्ती भुकेलेली असते, ती शरीरातील धातू खाऊन टाकते आणि योग्याला नवे तेजस्वी शरीर देते. हा नाथांचा संकेत आपण उघड करत आहोत, हे ज्ञानेश्वर स्वतःच सांगतात. संस्कृतात आणि गुरुमुखाने जपलेली विद्या अशा रीतीने मराठीत खुली झाली.

त्याच ज्ञानेश्वरांच्या नावावरील हरिपाठात मात्र योग आणि याग यांनी सिद्धी मिळत नाही, भाव हवा, असा सूर आहे. सिद्धींच्या बळावर चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेले चांगदेव मुक्ताबाईंचे शिष्य झाले, ही कथाही हेच ठसवते. योगाची सिद्धी मोठी, पण आत्मज्ञान आणि भक्ती त्याहून मोठी. पुढे वारकरी संप्रदायात नामस्मरण हीच सर्वांना परवडणारी साधना ठरली. बंध-मुद्रांना गुरू, एकांत आणि सवड लागते. नाम घेण्यासाठी नांगर किंवा जाते सोडावे लागत नाही.

आधुनिक योगाची घडण

आज योगवर्गात दिसणारा आसनप्रधान योग गेल्या सुमारे शंभर वर्षांत घडला. स्वामी विवेकानंदांनी १८९६ मध्ये राजयोग हे पुस्तक प्रसिद्ध करून योगसूत्रे पाश्चात्त्य वाचकांपुढे ठेवली, पण हठयोगाला त्यांनी दुय्यम मानले. शरीराची बाजू पुढे आली ती मुख्यतः मुंबई, लोणावळा आणि म्हैसूर येथे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोवा येथे योग संस्था सुरू केली. जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक काढले. दोघेही गुजरातेतील मालसरच्या परमहंस माधवदासांचे शिष्य. कुवलयानंदांनी नौली, उड्डियान अशा क्रियांच्या वेळी शरीरातील दाब मोजले आणि क्ष-किरण चित्रे घेतली. क्रिया जुन्याच होत्या, पण त्यांचे समर्थन आता नाड्या-चक्रांच्या ऐवजी स्नायू, ग्रंथी आणि रक्ताभिसरण यांच्या भाषेत होऊ लागले.

म्हैसूरच्या राजवाड्यात तिरुमलाई कृष्णमाचार्य शिकवत होते. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. त्यांच्या १९६६ मधील लाईट ऑन योगा या पुस्तकाने आसनांचा अचूकपणा हाच अनेकांसाठी योग झाला. अय्यंगार स्वतः मात्र आसनातच आठही अंगे साधता येतात, असे प्रतिपादन करत.

सूर्यनमस्काराचे उदाहरण या घडणीचे सारे पदर दाखवते. हठप्रदीपिकेतील आसनांत तो नाही. उलट एकोणिसाव्या शतकातील ज्योत्स्ना या तिच्या टीकेत पुष्कळ सूर्यनमस्कार घालण्यासारखे शरीराला शिणवणारे प्रकार टाळावेत असे सुचवले आहे. सूर्याला नमस्कार घालणे ही उपासना होती आणि आखाड्यांत तो व्यायामही होता. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा शाळांतून आणि पुस्तकांतून नेटाने प्रसार केला. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी सूर्याची बारा नावे ओंकार व बीजमंत्रांसह घेऊन घातलेला नमस्कार पूजा आहे. तोच आकडे मोजत घातला तर कवायत आहे. शरीराच्या हालचाली दोन्हीकडे सारख्याच असतात.

धर्म की व्यायाम

हा प्रश्न आता अनेक देशांत विचारला गेला आहे. मलेशियातील राष्ट्रीय फतवा परिषदेने २००८ मध्ये शारीरिक हालचाली, पूजाभाव आणि मंत्रोच्चार एकत्र असलेला योग मुसलमानांना निषिद्ध ठरवला. अमेरिकेतील अलाबामा राज्याने १९९३ मध्ये सरकारी शाळांत योगावर बंदी घातली. २०२१ मध्ये ती उठली, पण मंत्र आणि नमस्ते म्हणणे वर्ज्यच राहिले. कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथे शाळेतील योगवर्ग धर्मप्रसार करतात, असा दावा काही पालकांनी लावला. योगाची मुळे धार्मिक असल्याचे न्यायाधीशांनी २०१३ मध्ये मान्य केले, मात्र शाळेत शिकवला जाणारा प्रकार धार्मिक नाही असा निर्णय दिला. अपील न्यायालयाने तो २०१५ मध्ये कायम केला. शाळेने तोवर संस्कृत नावे काढून पद्मासनाला मांडी घालण्याचे मुलांच्या बोलीतले नाव दिले होते. याच सुमारास हिंदू अमेरिकन फाउंडेशन या संस्थेने योगाचे हिंदू मूळ पुसले जात असल्याची तक्रार करत मोहीम चालवली. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात १७७ सहप्रस्तावक देशांच्या पाठिंब्याने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस ठरवला. भारतातील पहिल्या सोहळ्याच्या कार्यक्रमातून काही मुस्लिम संघटनांच्या आक्षेपानंतर सूर्यनमस्कार वगळण्यात आला.

या सर्व वादांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात. पहिली तंत्राची. बैठक, श्वास आणि एकाग्रता यांचे तंत्र बौद्ध, जैन, शैव, वैष्णव आणि सूफी अशा सर्वांनी वापरले आहे. ते करण्यासाठी धर्म बदलावा लागला नाही आणि दत्तात्रेययोगशास्त्राने तसे उघडच सांगितले. दुसरी आचाराची. अहिंसा, सत्य, अपरिग्रह हे यम भारतीय संन्यासपरंपरांनी मिळून घडवले आणि इतर धर्मांतही त्यांचे जवळचे नातेवाईक सापडतात. तिसरी ध्येयाची. पुरुषाचे कैवल्य, ब्रह्मात्मैक्य, शिव-शक्तीचे सामरस्य किंवा कृष्णाची प्राप्ती ही ध्येये आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांच्या विचाराबाहेर अर्थहीन होतात. येथे योग निःसंशय हिंदू आहे, आणि हिंदू असूनही एकमताचा नाही.

त्यामुळे निरोगी शरीरासाठी किंवा शांत झोपेसाठी आसने करणाऱ्याला काही मानण्याची सक्ती नाही. आरोग्य, शरीराचा हलकेपणा आणि स्थैर्य ही आसनाची फळे हठप्रदीपिकेनेही सांगितली आहेत. तिने त्यांना पहिल्या पायरीवर ठेवले, एवढाच फरक. त्यापुढच्या पायऱ्यांवर जायचे ठरवले की मात्र जाणीव आणि मन एकच आहे की वेगळे, मृत्यूनंतर काही उरते की नाही, आणि सुटायचे असेल तर कोणाला सुटायचे आहे, हे प्रश्न टाळता येत नाहीत. सांख्य, वेदान्त, शैवागम आणि भक्तिसंप्रदाय यांचे वाद या प्रश्नांवरच झाले आहेत आणि साधकाला त्यांपैकी कोणत्या तरी उत्तराच्या आधाराने पुढे जावे लागते.